हवेतला बाप्तिस्मा

"सैतानाचा त्याग करतोस का?" पाद्री स्त्रातिस यांनी चर्चच्या दारात दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मिर्सिनी नऊ दिवसांचं बाळ छातीशी धरून पायऱ्या चढत होती.

तान्ह्यांच्या वतीने उत्तरं धर्मपित्याने द्यायची असतात. धर्मपिता आर्गिरिस उत्तर द्यायचा थांबला. त्याच्या हातात होता मिर्सिनीच्या थोरल्या जावेचा, कल्लिरोईचा, आठ महिन्यांचा मुलगा. त्याला आज आजोबांचं नाव मिळायचं होतं, पोलिख्रोनिस. आपलं नाव लावणाऱ्या पहिल्या नातवाला समुद्राकडची ऐंशी जैतुनाची झाडं देईन, असं म्हातारा गावभर सांगून बसला होता. दुसरी कुणी असती तर हा बाप्तिस्मा तिने हिवाळ्यातच उरकून घेतला असता. पण कल्लिरोईला पाहुण्यांसाठीचे साखरेचे बदाम अथेन्सहूनच हवे होते आणि मेजवानीचा मोठा हॉल जूनपर्यंत रिकामा नव्हता. धाकट्या जावेला जळवायचं तर घाई करून कसं चालेल?

मिर्सिनी उंबऱ्याबाहेर थांबली. बाळंतिणीने चाळीस दिवस आत पाऊल टाकायचं नसतं, आणि अशा रीती ती काटेकोर पाळायची.

"फादर, उगाच त्रास घेताय. पहिला पोलिख्रोनिस हा," ती हातातल्या बाळाकडे मान करून म्हणाली. "गुरुवारीच झाला, इस्पितळात."

"बाप्तिस्मा? कुणी दिला?"

"माझ्या आईने. हवेतला. तीनदा वर उचललं, पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने."

हवेतला बाप्तिस्मा मरणाऱ्या बाळाला देतात. पाणी आणि पाद्री येईपर्यंत जीव टिकायचा नाही असं दिसलं, तर घरच्या कुणीही तो द्यावा. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मिर्सिनीच्या हातातलं बाळ गुलाबी होतं, चांगलं गुटगुटीत होतं.

"मरत होतं?" पाद्रींनी विचारलं.

"हो."

"मुली, देवमातेच्या तसबिरीसमोर उभी आहेस तू."

मिर्सिनीने तसबिरीकडे पाहिलं, क्रूसाची खूण केली. "शेवटच्या घटका मोजत होतं, फादर," ती म्हणाली. ऐंशी झाडांसाठी तिने पोटच्या पोराला मरणाच्या दारात नेऊन ठेवलं. आवाज जराही कापला नाही.

दाराजवळच्या खुर्चीत म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. आपल्या नावावरून दोन सुना एकमेकींच्या झिंज्या उपटायला निघाल्यात, याचं त्याला भारी सुख वाटत होतं. "असू दे, असू दे," तो म्हणाला. कुणाचं असू दे, ते मात्र बोलला नाही. त्याचे दोन्ही मुलगे बाहेर झाडाखाली सिगारेटी ओढत होते.

"बाबा, तुम्ही तरी बोला," कल्लिरोई म्हणाली.

"मी काय बोलू? नातवंडं दोन्ही माझीच."

कल्लिरोई मिर्सिनीच्या अगदी जवळ गेली. तिने बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"इतकं मरायला टेकलं होतं," ती म्हणाली, "तर वाचलं कशाला?"

हे सगळ्यांनी ऐकलं. आर्गिरिसने हातातल्या मुलाला खांद्याशी धरलं. पाद्रींना पुस्तकातली ओळ सापडेना.

मिर्सिनी दोन पायऱ्या मागे सरली. बाळावर तीनदा थुंकल्यासारखं करून तिने दृष्ट काढली. मग त्याच्या कपाळावर हात ठेवला. मानेवर ठेवला. अंगरख्यात घालून पोटावर ठेवला.

"अंग तापलंय याचं," ती म्हणाली. "फादर, खरंच तापलंय. जाऊबाई, हात लावून बघा ना. कुणीतरी बघा."

कुणीही जागचं हललं नाही.

"झाडं तर घेतलीस," कल्लिरोई म्हणाली. "आता ताप आला म्हणून बाबांचं घरही हवंय का गं?"