चुआंग काकांचा प्रोसेसर

तैपेईतल्या माझ्या दुकानात चुआंग काका निवृत्तीनंतर नवा कॉम्प्युटर घ्यायला आले, सोबत काकी होत्या. काकांना साम्राज्यं उभारण्याच्या खेळांचं भारी वेड. मी म्हटलं, "काका, ह्या खेळांना ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर तगडा लागतो. सध्या तुमची चाल झाली की कॉम्प्युटरला बाकीच्या राजांच्या चाली उरकायला किती वेळ जातो?"

"विचारूच नकोस! तोवर ही पेरू चिरते, वर आलुबुखाराची पूड भुरभुरवते आणि बाजूला येऊन बसते. पोरीच्या सासरचं, खालच्या मजल्यावरच्या बाईचं, सगळं सांगून होतं. पेरू संपतो, तरी ते डबडं आपलं विचारच करतंय!"

मी सगळ्यात भारी प्रोसेसर समोर ठेवला. "ह्याच्यावर डोळ्याची पापणी लवेपर्यंत तुमची चाल परत येईल."

काका लहान मुलासारखे खूश झाले. "ऐकलंस का, शूफन? आता वाट बघणं बंद!"

"बरं झालं बाई," काकी म्हणाल्या. "तुमची कटकट तरी संपेल." आणि हातातल्या पिशवीचे बंद उगाचच सोडत-बांधत राहिल्या.

मी बिल करायला घेतलं. काकांनी एकदा त्या पिशवीकडे पाहिलं, एकदा काकींकडे, आणि खोक्यावर हात ठेवला.

"थांब रे जरा. मध्ये एक पेरू निवांत खाऊन होईल, असा कुठला आहे तुझ्याकडे?"