कातळपाड्याची गाळणी

समाजासाठी यंत्र घडवायचं तर आधी समाजात जाऊन बसावं, असं अभियांत्रिकी कॉलेजातल्या स्टुडिओच्या दारावर कोरलेलं होतं. समाज पडला लांब. म्हणून कातळपाड्याची माणसं दहा वर्षांपूर्वी हुबेहूब संगणकात उतरवून पडद्यावर बसवली होती.

त्यांत यंदाच्या तुकडीतल्या शरयूची आईही होती. खरी आई त्याच वर्षी पाड्यावरच्या घाण पाण्यापायी गेली. पडद्यावरची मात्र दर तुकडीला न कंटाळता सांगे, "बाय, पाण्याला वास येतोय. बघ की कायतरी."

शरयूने गाळणी बनवली. परीक्षेच्या दिवशी आईने पडद्यातल्या पडद्यात ते पाणी पिऊन पाहिलं.

"ग्वाड हाय गं. माझी शरू आश्रमशाळेत हाय, आठ वर्साची. पाण्यापायीच धाडली व्हती. तिला सांग, आता घरी ये."

"सांगते," शरयू म्हणाली.

"उत्तम. पैकीच्या पैकी," बर्वे सर म्हणाले आणि त्यांनी आईला पुन्हा पहिल्या दिवसावर नेण्याचं बटण शोधलं.

"सर, आजच्या दिवस राहू द्या ना तिला अशीच."

"अगं, मग पुढच्या तुकडीला प्रश्न कुठून आणू?" सरांनी बटण दाबलं.

"बाय, पाण्याला वास येतोय," आई म्हणाली.

कातळपाड्यावर गाळणी बसलेली नाही. बसवणं अभ्यासक्रमात नाही.