दाढेचा रंग

"सोन्याची व्हयी," सत्यवान परब म्हणाले.

दाढ त्यांची नव्हतीच. ती होती त्यांच्या बायकोची, आणि सुगंधाकाकी खुर्चीत आ वासून पडल्या होत्या. अर्धा जबडा बधिर, गालात कापसाचे बोळे. डॉक्टर लिलियनला वाटलं, म्हाताऱ्याने नेमकी वेळ साधली. बायकोला बोलता येत नाही असं बघूनच तोंड उघडलं.

कुडाळात दवाखाना टाकून तिला सहा वर्षं झाली होती. नवऱ्यांचे बरेच नमुने तिने पाहिले होते. बायकोची दाढ ठणकत असताना बाजाराची घाई करणारे, बायकोला विचारलेल्या प्रश्नाला स्वतःच उत्तर देणारे. पण बायकोच्या दाढेचा रंग ठरवणारा हा पहिलाच.

रूट कॅनल मागच्याच आठवड्यात झालं होतं. तेव्हा कागद भरताना तिने काकींना घरच्या कोणाचा तरी फोन नंबर विचारला, तर नंबर सत्यवानकाकांनीच सांगितला, स्वतःचा.

"आणखी कोणाचा? मुलगा, पुतण्या?"

"आणखी कोण नाय, बाय. ह्योच लिही."

वर आणि कागद हातातून घेऊन नीट लिहिलंय की नाही ते बघितलं. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, छातीत यंत्र बसवलेलं, एक जिना चढताना दोनदा थांबणारा. पण हुकूम सोडायला दम कमी पडत नव्हता. 'हंयसर बस गो', 'पाणी पी', 'तुका नाय कळाचा'. काकी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, आणि सगळं हसण्यावारी नेणाऱ्या. लिलियनला तिची मम्मी आठवायची. बांद्याला तिच्या घरी मम्मीच्या चष्म्याची फ्रेमसुद्धा पपा निवडायचे, आणि मम्मी ती मुकाट्याने नाकावर चढवायची. त्याचा राग लिलियनच्या मनातून अजून गेला नव्हता.

तिने दाढ चारी बाजूंनी घासली, मसाला दाबून माप घेतलं आणि तात्पुरती टोपी बसवली. मग बोळे काढून काकींना सरळ बसवलं.

"झालं, काकी. बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका, गाल चावाल आणि कळणारही नाही. दोन दिवस थोडं ठणकेल, गोळ्या लिहून देते. ही टोपी कच्ची आहे, चिकट खाल्लंत तर निघेल. आठ दिवसांनी पक्की येईल, ती सिमेंटने चिकटवायची. चावून बघायचं, उंच लागली तर घासून देते."

"म्हणजे जत्रेतला खाजा बंद?"

"आठ दिवस बंद."

काकी वाकड्या तोंडाने हसल्या. लिलियनने रंगांची पट्टी त्यांच्या हातात दिली. पट्टीवर ओळीने लहान लहान दात, पांढऱ्यापासून पिवळटापर्यंत. काकींनी आरशात बघून, वेळ घेऊन एक निवडला.

"ह्यो माज्यासारको दिसता."

"सोन्याची व्हयी म्हटलंय मा," कोपऱ्यातून आवाज आला.

"अहो, सोन्याची घालून मी वाडीत फिराव? लोक म्हणतले, सुगंधा शिंगा मोडून वासरात शिरली."

"म्हणांदे. मागची दाढ ती, कोणाक दिसता?"

"दिसत नाय तर व्हयी कित्याक?"

प्रश्न बिनतोड होता. लिलियनला हसू आलं. म्हातारा तिच्याकडे वळला.

"बाय, सोन्याची म्हणजे नुसतो रंग नको. खरा सोना व्हया."

"मिळते. दागिन्याचं सोनं मऊ असतं, म्हणून त्यात दुसरे धातू मिसळतात. पण काका, हल्ली कोणी..."

"निजेत सुटान पडाची नाय?"

"नाही पडत."

"किती वर्सां ऱ्हवतली?"

"नीट सांभाळली तर वीस वर्षंही."

ते मनाशी पुटपुटत बोटांवर काहीतरी हिशेब करत राहिले. "मगे पुरतली," म्हणाले.

स्वतःच्याच ऐटीचा हिशेब, दुसरं काय, असं लिलियनला वाटलं. हौस याची आणि मिरवायला तोंड बायकोचं. काकींनी पट्टी परत केली आणि हळूच म्हणाल्या, "पांढरीच पाठव गो बाय. तेंका मी सांगतंय घराक गेल्यार." मग गोळ्यांची चिठ्ठी घेऊन त्या खालच्या औषधाच्या दुकानात गेल्या.

लिलियनने लॅबचा कागद पुढे ओढला. सत्यवानकाका अजून बाकावरच होते.

"काका, स्पष्ट बोलते, राग मानू नका," ती म्हणाली. "दाढ काकींची आहे, तोंडही त्यांचंच. आयुष्यभर तुम्ही म्हणाल तसं त्या करत आल्या असतील. एवढी एक गोष्ट त्यांच्या मनासारखी होऊ दे. मी पांढरीच मागवणार."

म्हातारा चिडेल, आवाज चढवेल, याची तिने तयारी ठेवली होती. तो चिडला नाही. भिंतीला धरून उठला, दारापर्यंत गेला आणि जिन्यावर कोणी नाही हे वाकून बघून आला. मग टेबलापाशी उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

"सुगंधाक सांगू नको हां, बाय. उगीच रडत बसात," तो म्हणाला. "मी गेल्यार माज्या तोंडात तुळशीचा पान नि सोन्याचो मणी घालूक ता आसा. तेच्या तोंडात कोण घालतलो?"