आईची काठी

परग्रहावर उतरलेलं यान तिथल्या मातीवर हातोड्याने ठोके मारायचं आणि ते हादरे वरच्या भुसभुशीत थरातून किती वेगाने जातात, हे मोजणं तिचं काम होतं. सरावासाठी तिने तसाच एक हातोडा आणि हादरे टिपणारं यंत्र घरामागच्या मातीत बसवलं होतं. त्याची नोंद थेट ऑफिसात दिसायची.

अडचण एकच होती. आई काठी टेकत दिवसभर घरभर फिरायची आणि काठीचा प्रत्येक ठोका त्या नोंदीत घुसायचा.

"आई, घटकाभर एका जागी बसशील तर शपथ. तुझ्या काठीपुढे माझ्या हातोड्याची डाळ शिजत नाही."

"बसले असते गं, पण या पायांना कोण सांगणार?"

शेवटी तिने प्रोग्रॅमलाच आईची काठी ओळखायला शिकवलं, म्हणजे ते ठोके आपोआप गाळले जातील. आई हसून म्हणाली, "चला, माझी कटकट मिटली."

एका सोमवारी आई न्हाणीघरात घसरून पडली. संध्याकाळी लेक ऑफिसातून घरी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. काठी तेवढी आईच्या मुठीत घट्ट होती.

पंधरा दिवसांनी कामावर गेल्यावर तिने त्या सोमवारची नोंद उघडली. हातोड्याची रेघ नेहमीसारखीच स्वच्छ आली होती.

खाली प्रोग्रॅमचं रोजचं टिपण होतं: 'सकाळी अकरा ते दुपारी पावणेतीन. आईच्या काठीचे ठोके, सगळे एकाच जागेवरून. गाळले.'