सातवा थर

"इथे खूण करा, मिस्त्री." बाइंडरकाकांनी भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेवर बोट ठेवलं. "खाली तारीख घाला. आणि अंदाजपंचे नको बरं का, लोक यावर विसंबून राहतात."

मिस्त्रींनी पिशवीतून छिन्नी काढली. पुराचं पाणी ओसरून आठ दिवस झाले होते, तरी नदीकाठच्या दगडी गल्लीला गाळाचा वास होता. काकांच्या दुकानासमोर फुगलेल्या पुस्तकांचा ढीग पडला होता. शाळेच्या वाचनालयाची दोनशे पुस्तकं, कुणाच्या आजोबांनी हाताने लिहिलेल्या वह्या. सगळी बांधायला आलेली, सगळी परक्याची.

चिखलाच्या रेघेखाली बरोबर हातभर अंतरावर जुनी खूण होती. पाचव्या थरातल्या दगडात कोरलेली आडवी रेघ आणि दीडशे वर्षांपूर्वीचं साल. आजवरचा सगळ्यात मोठा पूर इथवर आला होता, असं गाइड येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

"चार वर्षांपूर्वी दुकान घेतलं, तेव्हा ही खूण बघूनच पुस्तकांची पहिली फळी ठोकली. चांगली चार बोटं वर," काका म्हणाले. "आमची ही म्हणत होती, आणखी हातभर वर घ्या. मी हसलो. म्हटलं, माणसं खोटं बोलतील, दगड कशाला बोलेल? आता ती बोलत नाही माझ्याशी. बरोबरच आहे तिचं. माझीच अक्कल चरायला गेली होती."

आत काकूंनी बादली आपटली.

गल्लीतून पाच-सहा पर्यटक आले. पुढे गाइड. "जुन्या वस्तीची दुरुस्ती झाली, पण एकही दगड जागचा हललेला नाही!"

मिस्त्रींनी पुन्हा त्या जुन्या खुणेकडे बघितलं. सहा वर्षांपूर्वी ही भिंत त्यांनीच उतरवून पुन्हा रचली होती. प्रत्येक दगड आपल्याच थरात गेला पाहिजे, असा नियम. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर त्यांनी लाल रंगाने थराचा आकडा घातला होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भिंत संपत आली तेव्हा सातव्या थरात एक जागा रिकामी राहिली, आणि हातात उरलेल्या दगडाच्या पाठीवर पाच. पुराच्या खुणेचा दगड त्यांनी पाठ न बघताच खाली पाचव्या थरात बसवला होता. तो काढायचा तर अर्धा दिवस मोडणार. माप दोघांचं सारखंच. दोन थरांनी कुणाचं काय अडतंय, म्हणत त्यांनी उरलेला दगड वर ठोकून दिला आणि घरी जाऊन पोटभर जेवले.

त्यांनी छिन्नी चिखलाच्या रेघेवर टेकवली. तशीच परत काढून घेतली.

मग ते खाली बसले आणि जुन्या खुणेच्या दगडाभोवतीचा सांधा फोडायला लागले.

"अहो, तो कशाला? नवी खूण वर करायचीय!"

"काका, जरा हात लावा."

दोघांनी मिळून दगड बाहेर ओढला आणि जमिनीवर पालथा घातला. मिस्त्रींनी तळव्याने धूळ पुसली. लाल रंग फिकट झाला होता, पण आकडा स्पष्ट होता. सात.

"थराचा आकडा आहे," मिस्त्री म्हणाले. काकांनी तो बघितला. मग उठले आणि जमिनीपासून भिंतीचे थर मोजायला लागले. एकेका थरावर बोट ठेवत रिकाम्या खोबणीपाशी येऊन थांबले. पुन्हा खाली वाकून पहिल्यापासून मोजले. पाचच भरले. मग तिथून वर दोन थर मोजले, तेव्हा बोट चिखलाच्या रेघेवर आलं.

मिस्त्री मान खाली घालून उभे होते. शिव्या खायची त्यांची तयारी होती. उलट दोन बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काका दाराकडे वळले. "अगं, जरा बाहेर ये."

काकू पदराला हात पुसत उंबऱ्यात आल्या. आधी भिंतीतल्या भोकाकडे बघितलं, मग मिस्त्रींकडे. मिस्त्री दगड काकूंकडे वळवायला वाकले.

काकांनी त्यांचा हात धरला.

"दगड दाखवू नका, मिस्त्री. दगडावर एकदा विसंबलो. तोंडाने सांगा."