शेवटच्या दारापर्यंत

स्मृतिसंपादक यंत्रात शर्वाणीने स्वतः रचलेली कमांड साधी होती: ग्राहक मंदाताईंच्या नवऱ्याचा आवाज चढल्यापासून दार आपटेपर्यंतची आठवण पुसायची. नेहमीप्रमाणे तिने एकाच भांडणावर चाचणी घेतली. चोख निघाली. मग तीच तिने मंदाताईंच्या अख्ख्या डोक्यावर चालवली. कमांड पहिल्या दारापाशी थांबलीच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या भांडणापासून कालच्या शेवटच्या दारापर्यंत, मधलं सगळं आयुष्य तिने गिळलं.

"आठवणींची मूळ प्रत आहे," शर्वाणी चाचरली, "पण भांडणंही परत येतील."

"येऊ देत!" मंदाताईंची लेक अन्विता टेबलावर हात आपटत ओरडली. "आधी माझी आई परत दे! अक्कल गहाण टाकून बसलीस का इथे?"

मंदाताईंनी तिच्याकडे तिऱ्हाईतासारखं पाहिलं.

"कुणाची हो ही पोर?" त्यांनी शर्वाणीला विचारलं. "आईनं काही वळण लावलेलं दिसत नाही."