झिलईचे तडे

बाप गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं कुसकुसचं जेवण वाटून झालं आणि निझारने भट्टी पेटवली. नाबुलच्या बाजारात बापाचे निळे कटोरे दोषासाठीच प्रसिद्ध होते. भट्टीतून निघाले की झिलईला बारीक तडे जायचे, आणि फळीवर चार-चार दिवस त्यांचं टिंग टिंग चालायचं. या खेपेला निझारने झिलईत वाळूची पूड वाढवली होती. एकालाही तडा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी आई फळीला कान लावून बसलेली.

"उम्मी, आता काय ऐकतेस? दोष गेला."

"जुनी झिलई उरलीय का रे?"

"आहे अर्धी बादली. फेकणारच होतो."

"फेकू नकोस. एक फळीभर कटोरे तिचेच कर."

"विकणार कोणाला?"

"विकायचे नाहीत. पस्तीस वर्षं या घरात माझ्याशी तेवढेच बोलत होते."